तेल, उटणे आणि दफ्तर

इतिहासाची साधने म्हणून आपण ज्या कागदपत्रांकडे पाहतो, त्यांचा जन्म बहुधा दोन प्रसंगांतून झालेला असतो : सरकारला काही वसूल करावयाचे असते तेव्हा, किंवा एखाद्या राजाने काही उपभोगिलेले असते तेव्हा. ज्या वस्तूवर जकात बसत नाही आणि जिचा उपयोग राजवाड्यापेक्षा न्हाणीत, चुलीशेजारी किंवा ओसरीवर होतो, ती शतकानुशतके लोकांच्या अंगाखांद्यावर वावरूनही दफ्तरात येत नाही. बालाघाटच्या पठारावर वसलेल्या धाराशिव जिल्ह्यातील अंगरागांचा आणि केशप्रसाधनांचा इतिहास हा असाच अर्धवट लिहिला गेलेला इतिहास आहे. तीळ, करडई, हळद, आवळा, माका, शिकेकाई या वनस्पतींपैकी ज्यांनी तिजोरीत भर घातली किंवा दरबाराची शोभा वाढविली त्यांची नोंद झाली, आणि ज्यांनी केवळ तान्ह्या मुलाची कांती आणि म्हाताऱ्या माणसाची टाळू सांभाळली त्या सासूकडून सुनेकडे तोंडी वारशाने जात राहिल्या.

या इतिहासाचा आरंभ तेर या गावी करावा लागतो. तेरणा नदीच्या काठचे हे गाव म्हणजेच ग्रीक-रोमन व्यापाऱ्यांना ठाऊक असलेले ‘तगर’, हे जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ साली साधार दाखवून दिले. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या नाविक वृत्तान्तात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे फार मोठे शहर असल्याचे सांगितले असून, तेथून जाडेभरडे कापड, नाना प्रकारची तलम वस्त्रे आणि अन्य माल गाड्यांत भरून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून, भडोच बंदराकडे जात असे अशी माहिती दिली आहे. हा सारा वृत्तान्त परदेशी व्यापाऱ्याच्या दृष्टीने लिहिलेला असल्यामुळे जे जहाजावर चढले तेवढेच त्यात आले. तगरच्या घरांत लोक अंगाला काय लावीत होते, हे विचारण्याचे त्या लेखकाला कारण नव्हते. ते उत्तर मातीने दिले. सातवाहनकालीन दख्खनच्या अनेक वसाहतींच्या उत्खननांत भाजक्या मातीच्या खरबरीत वजऱ्या, हस्तिदंती फण्या आणि अंजनशलाका मिळाल्या आहेत, आणि तेरच्या मातीतून निघालेल्या स्त्रीमूर्तींच्या केशरचना इतक्या बारकाईने घडविलेल्या आहेत की केस विंचरण्यास, गुंफण्यास आणि तेलाने चापून बसविण्यास ज्या समाजाने पुष्कळ वेळ व द्रव्य दिले त्याच समाजाच्या कलावंताला ते सुचावे. रामलिंगप्पा लामतुरे या स्थानिक संग्राहकाने आयुष्यभर वेचून ठेवलेल्या अशा वस्तूंचे शासकीय संग्रहालय आज तेर येथेच आहे. तेथील सुप्रसिद्ध हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे १९३८ साली इटलीतील पाँपेई येथे सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी निकटचे साम्य आहे, आणि त्या पाँपेईच्या मूर्तीच्या दोन्ही बाजूंना प्रसाधनाची पात्रे हाती घेतलेल्या दोन परिचारिका उभ्या आहेत. ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या त्या नगरात दख्खनच्या कलेने पाठविलेले हे चित्र प्रसाधनाचेच असावे, यात बरेच काही आले.

ग्रंथांकडे वळले की मात्र लगेच राजवाड्याची हवा जाणवते. सहाव्या शतकातील वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त गंधयुक्तीसाठी एक स्वतंत्र अध्याय राखून ठेवला असून, त्यात पांढरे केस काळे करण्याची कृतीही दिली आहे : कोद्रूचे दाणे आंबट द्रवात लोखंडी भांड्यात शिजवून, त्यात लोहचूर्ण घालून, तो लेप डोक्यावर थापावा, वर रुईची पाने बांधावीत, आणि काही प्रहरांनंतर तो धुऊन आवळ्याचा लेप द्यावा. आवळ्यातील तुरट द्रव्य आणि लोह यांच्या संयोगाने काळा रंग निपजतो, ही रसायनशास्त्राची गोष्ट आहे. आणि मराठवाड्यातील ज्या आजीने माक्याचा रस व आवळकाठी तिळाच्या तेलात घालून ते लोखंडी कढईतच कढवावे असा आग्रह धरला, तिने वराहमिहिराचे नावही ऐकलेले नसताना तोच संयोग साधला होता. यापुढचा महत्त्वाचा ग्रंथ तर धाराशिवच्या अगदी शेजारचा आहे. उमरग्याच्या पूर्वेस, आज कर्नाटकात असलेल्या कल्याणी येथे चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘मानसोल्लास’ रचविला. त्यात राजाच्या उपभोगांचे सविस्तर प्रकरण असून, स्नानापूर्वीचे सुगंधी तेलाचे अभ्यंग, तेल काढून टाकण्यासाठी वनस्पतींच्या चूर्णांचे उटणे आणि ऋतुमानाप्रमाणे बदलणारी विलेपने यांचे वर्णन इतक्या सावकाशीने केले आहे की वाचकाला राज्यकारभाराचा विसर पडावा.

हे ज्ञान केवळ संस्कृतात कोंडून राहिले नव्हते, याचा एक सुंदर पुरावा मराठीतच आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे अभिरक्षक परशुराम कृष्ण गोडे यांनी गंगाधराचा ‘गंधसार’ आणि एका अज्ञात ग्रंथकाराचा ‘गंधवाद’ या सुगंधशास्त्रावरील दोन दुर्मीळ ग्रंथांकडे विद्वानांचे लक्ष वेधले, आणि त्यांपैकी ‘गंधवादा’वर चक्क जुनी मराठी टीका आहे. म्हणजे कोणा एका मराठी माणसाला हे शास्त्र आपल्या बोलीत समजावून सांगण्याची गरज वाटली होती, आणि ज्याला ते समजावून घ्यावयाचे होते तो बहुधा संस्कृत पंडित नसून माल कुटणारा, गाळणारा, विकणारा गांधी असला पाहिजे. त्याचप्रमाणे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी सिद्ध केलेल्या ‘लीळाचरित्रा’त चक्रधरस्वामींच्या मर्दना-मादण्याचे, म्हणजे तेल चोळून स्नान घालण्याचे, उल्लेख नित्याच्या सेवेचा भाग म्हणून येतात. कल्याणीच्या राजाचा उपभोग सुमारे दीड शतकाच्या अंतराने गोदातीरावर भक्ताच्या सेवेचे साधन म्हणून दिसतो, एवढे जरी लक्षात घेतले तरी अभ्यंगाची चाल राजवाड्यापुरती कधीच नव्हती हे मान्य करावे लागेल.

या चालीचा आधार शेवटी शेत होते. धाराशिवची काळी जमीन, बेभरवशाचा पाऊस आणि रब्बीचा हंगाम यांना मानवणारी तेलबिया म्हणजे करडई; तीळ खरिपात, जवस आणि करडई रब्बीत, असा क्रम येथील शेतकऱ्याने पिढ्यान् पिढ्या पाळला. ज्वारीच्या शेताभोवती करडईचे पट्टे पेरण्याची जी पद्धत होती तिच्यात मोठा व्यवहार होता : पानांना काटे असल्यामुळे मोकाट जनावर पिकात शिरत नसे, आणि खोल जाणाऱ्या मुळामुळे पाऊस हटला तरी बी हाती येई. तिळाच्या तेलात सेसमॉलसारखी द्रव्ये असल्यामुळे ते लवकर खवट होत नाही, म्हणून सुगंधी तेलाला आधार म्हणून तेच निवडले जाई. मोगऱ्याची किंवा चमेलीची फुले तिळांच्या थरांत घालून त्यांचा वास तिळांत मुरू द्यावयाचा आणि मग ते तीळ गाळावयाचे, ही फुलेल करण्याची जुनी रीत होती. करडईच्या तेलात लिनोलिक आम्लाचे प्रमाण सत्तर टक्क्यांच्या वर असते. ते पातळ, कातडीत सहज जिरणारे आणि चिकटपणा न ठेवणारे आहे.

हे तेल गाळणारा तेली गावगाड्यात अलुतेदार मानला जाई, आणि येथेच अंगरागाचा इतिहास प्रथम दफ्तरात शिरतो. उदीमव्यवसायांवर बसणाऱ्या मोहतर्फ्यात तेल्याचा घाणा हमखास धरला जाई. त्याहीपूर्वीच्या यादव-चालुक्यकालीन शिलालेखांत घाण्यामागे ठराविक माप तेल देवाच्या नंदादीपास द्यावे अशी दाने कोरलेली आढळतात. परंतु या साऱ्या नोंदींत तेल मोजले गेले ते दिव्यासाठी आणि वसुलासाठी. घरी आलेल्या तेलाचा पहिला मान देवापुढच्या समईला, दुसरा फोडणीला आणि उरले तर डोक्याला, हा क्रम ठरविणारी गृहिणी कोणत्याही पाटील-कुलकर्ण्याच्या वहीत नाही.

केस धुण्याची द्रव्ये पाहिली म्हणजे या भागाचा व्यापारी भूगोलच डोळ्यांसमोर येतो. शिकेकाई ही सह्याद्रीच्या ओल्या जंगलातील वेल; बालाघाटच्या कोरड्या माळावर ती फारशी येत नाही, आणि रिठाही बहुतांशी बाहेरूनच यावयाचा. नागरमोथा येथल्या पाणथळ बांधांवर तण म्हणून माजतो, पण गव्हला, कचोरा, वाळा यांसाठी पेठेतल्या अत्ताराचे दुकान गाठावे लागे. ज्यांना हे विकत घेणे परवडत नसे त्यांनी माळरानावरच्या हिंगणबेटाचा गर, ताक, डाळीचे पीठ आणि लिंबाचा पाला यांवर भागविले. आणि हिंगणबेटाच्या गरात तोच फेस देणारा सॅपोनिन असतो जो शिकेकाईत आणि रिठ्यात असतो, त्यामुळे गरिबाची ही तडजोड अज्ञानाची मुळीच नव्हती. संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, तीळ वाटून अंगाला लावून न्हाण्याची चाल आणि नरकचतुर्दशीचे अभ्यंग हे दोन्ही थंडीत कातडी उलू लागते त्याच काळात यावेत, यात धर्मशास्त्रापेक्षा अनुभवाचा भाग मोठा आहे.

अत्ताराच्या दुकानातला हा माल यावयाचा तो मुख्यतः बार्शीच्या पेठेतून. बार्शी इंग्रजी अमलाखालच्या सोलापूर जिल्ह्यात, तर तिच्या पूर्वेचा मुलूख निजामाचा. १८५३ च्या तहानंतर हा मुलूख, म्हणजे तेव्हाचा नळदुर्ग जिल्हा, काही वर्षे इंग्रजांकडे गेला, त्या वेळी कर्नल मेडोज टेलर नळदुर्गास राहून कारभार पाहत होता आणि पुढे ‘तारा’ ही कादंबरी त्याने तुळजापूरच्या पार्श्वभूमीवर लिहिली. १८६० साली जिल्हा पुन्हा हैदराबादकडे आला. त्यामुळे बार्शीहून निघालेल्या मालाला काही कोसांच्या आत परमुलखात शिरावे लागे आणि निजाम सरकारच्या करोडगिरी खात्याच्या नाक्यावर जकात भरावी लागे. १८९७ साली आजच्या कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत अरुंद रुळांची बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली आणि १९११ साली ती लातूरपर्यंत पोचली, तेव्हा येडशी-ढोकीच्या भागातला गळिताचा माल बाहेर जाण्याचा आणि बाहेरचा तयार माल आत येण्याचा मार्ग एकदमच खुला झाला. गाडीने जाताना करडई नेली आणि येताना साबण व रंग आणले, असे त्यापुढच्या अर्ध्या शतकाच्या व्यापाराचे सार सांगता येईल.

त्या रंगाने करडईचे एक जुने वैभव हिरावून घेतले. संस्कृत साहित्य ज्याला कुसुंभ म्हणते ते करडईचे फूल. त्यात पाण्यात सुटणारा पिवळा आणि खारात सुटणारा तांबडा असे दोन रंग असतात. पाकळ्या पाण्यात पुन्हा पुन्हा खळबळून पिवळा रंग काढून टाकावयाचा, मग पापडखारासारख्या खारात तांबडा रंग उतरवून घ्यावयाचा आणि लिंबाच्या रसाने तो कापडावर बसवावयाचा, अशी कुसुंबी रंगाची कृती होती. जपानात याच तांबड्या द्रव्यापासून ओठांना लावण्याचा ‘बेनी’ तयार झाला आणि तो आजही मानाने विकला जातो. आपल्याकडे मात्र १८५६ साली पर्किनने कोळशाच्या डांबरापासून पहिला कृत्रिम रंग काढल्यानंतर दोन-तीन पिढ्यांत कुसुंबी रंगाची विद्याच मावळली, आणि ज्या जिल्ह्यात करडईची शेते केशरी फुलांनी भरून जात तेथे त्या फुलांचा उपयोग विचारावयाचा कोणाला, हा प्रश्न उरला.

कुंकवाची गोष्ट याहून वेगळी, कारण त्याला तुळजाभवानीचा आश्रय होता. नवरात्रात मळवट भरणारे, परडी घेणारे, देवीच्या पायरीवर हळदकुंकू उधळणारे लक्षावधी भाविक ज्या क्षेत्री येतात तेथे कुंकू ही मोठ्या उलाढालीची वस्तू होणे अपरिहार्य होते. त्याचा पुरवठा करणाऱ्या गावांत सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यातील केमचे नाव विशेष प्रसिद्ध आहे. जुन्या पद्धतीत हळकुंडांना लिंबाचा रस, टाकणखार आणि तुरटी यांचे पुट देऊन ती वाळवीत व दळीत. हळदीतील पिवळे द्रव्य टाकणखारातील बोरॉनशी आम्लाच्या सान्निध्यात संयोग पावून तांबडे होते, आणि युरोपातील प्रयोगशाळांनी या तांबड्या द्रव्यास नाव देण्याच्या कितीतरी आधी येथल्या कुंकूवाल्याने ते पोत्यांनी तयार केले होते. कपाळाला आधी मेण आणि त्यावर कुंकू, ही बायकांची रीतही सुज्ञच होती : मेणाने कुंकू टिकून राही आणि कातडीशी त्याचा थेट स्पर्शही कमी होई. कृत्रिम रंगाचे स्वस्त कुंकू आल्यापासून कपाळावर चट्टे पडू लागले, तेव्हा जुनी रीत पुष्कळांना आठवली.

तरीही या परंपरेचे केवळ गुणगान करणे इतिहासाला शोभणार नाही. तेल आणि कुंकू कोणाच्या वाट्याला यावे हे समाजाने कठोरपणे ठरविले होते. विधवेला कुंकू वर्ज्य, सुगंधी तेल वर्ज्य, आणि काही जातींत तर केसच वर्ज्य. या केशवपनाविरुद्ध १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनीच वस्तरा खाली ठेवला, ही आपल्या सामाजिक इतिहासातील अभिमानाची घटना आहे. दुसरीकडे, ज्या मजूर बाईला आठवड्यातून एकदा डोक्यावर घेण्याइतके पाणी आणि बोटभर तेल मिळत नसे तिच्या केसांचा गुंता होऊन जट धरली की ते देवीचे बोलावणे समजले जाई. ती जट कापावयाची नाही, विंचरावयाची नाही, उलट तीत हळदकुंकू भरावयाचे, अशा समजुतीने किती मुलींची आयुष्ये देवाला वाहिली गेली याचाही हिशेब कोणत्या दफ्तरात नाही. अलीकडच्या दशकांत अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी समजूत घालून, धीर देऊन अशा जटा कापल्या, तेव्हा त्यांना शास्त्रार्थापेक्षा साबण, कोमट पाणी आणि तेल यांचाच अधिक आधार घ्यावा लागला.

विसाव्या शतकात अंगराग घराबाहेर पडला आणि कारखान्यात गेला. आर्देशीर गोदरेज यांनी १९१८ च्या सुमारास प्राण्यांच्या चरबीऐवजी वनस्पतितेलाचा साबण काढला, तेव्हा सोवळ्या घरांच्या न्हाणीतही साबणाला प्रवेश मिळाला आणि डाळीच्या पिठाचे राज्य संपुष्टात येऊ लागले. केशव विष्णू पेंढारकर यांनी १९५२ साली विको ही संस्था काढली; तिची हळदीची क्रीम पुढे घरोघर गेली, आणि अबकारी खात्याने तिला सौंदर्यप्रसाधन म्हणून अधिक कर मागितला असता ते आयुर्वेदीय औषध आहे की प्रसाधन, हा वाद वर्षानुवर्षे चालून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला व निकाल औषधाच्या बाजूने लागला. ज्या हळदीला गावातल्या कोणत्याही बाईने औषध आणि प्रसाधन अशा दोन कप्प्यांत कधी घातले नव्हते तिचा कप्पा शेवटी महसुलानेच मागितला, यात या सगळ्या इतिहासाचे बीज आहे. १९९५ साली जखम भरून आणणाऱ्या हळदीच्या गुणावर अमेरिकेत पेटंट दिले गेले. ते रद्द करण्यासाठी डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेला जुने ग्रंथ व छापील लेख पुराव्यादाखल सादर करावे लागले, आणि १९९७ साली ते रद्दही झाले; परंतु लक्षावधी आज्यांचा हात तेथे पुरावा म्हणून चालला नसता. जे लिहिलेले होते तेच वाचले.

आज धाराशिवच्या शेतांत खरिपात सोयाबीन आणि पाण्याखाली ऊस यांचे राज्य असून करडईचे पट्टे विरळ झाले आहेत. काटेरी पीक काढावयाला मजूर मिळत नाही, आयात तेलापुढे भाव टिकत नाही, ही कारणे खरी आहेत. परभणीच्या कृषी विद्यापीठाने करडईची सुधारित वाणे आणि फलटणच्या निंबकर संस्थेने बिनकाट्यांची वाणे काढूनही हा ओघ फारसा थांबलेला नाही. आणि नेमक्या याच काळात शहरातल्या दुकानांत करडईचे तेल, माका, जास्वंद, आवळा यांच्या बाटल्या वनस्पतिजन्य प्रसाधने म्हणून दामदुप्पट भावाने विकल्या जात आहेत. त्या किमतीतला किती वाटा कोरडवाहू शेतकऱ्याला आणि ही कृती जपणाऱ्या बाईला मिळतो, हा प्रश्न विचारला गेलाच पाहिजे.

तो विचारण्यासाठी एक दफ्तर आता उपलब्ध आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीने समिती नेमून लोकजैवविविधता नोंदवही ठेवावयाची आहे; गावातील वनस्पती आणि त्यांच्यासंबंधीचे लोकांचे ज्ञान तीत लिहावयाचे आहे, आणि त्या ज्ञानाचा व्यापारी उपयोग झाल्यास लाभाचा वाटा मागण्याचा आधारही याच कायद्यात आहे. दोन हजार वर्षांत तगरच्या मुलखातील न्हाणीघराला प्रथमच सरकारी वहीत हक्काची जागा मिळाली आहे. ती वही केवळ झाडांच्या नावांची यादी होऊ देऊ नये : तेल कोणत्या कढईत कढवावे, तान्ह्या मुलाच्या उटण्यात काय घालावे आणि काय घालू नये, हिंगणबेट कधी तोडावे, हे सांगणाऱ्या वृद्ध स्त्रियांना ग्रामपंचायतीने बोलवावे, त्यांचे शब्द त्यांच्याच नावाने उतरवून घ्यावेत, आणि हे काम लांबणीवर टाकू नये, कारण सांगणाऱ्या त्या बहुतेक साऱ्या ऐंशीच्या घरात आहेत.